चुंबे बेटावर, वीस हजार वर्षं

तुम्ही पायीच निघाला आहात. आजच्या टांझानियाच्या किनाऱ्याकडून पूर्वेला चालताय आणि जमीन संपायचं नाव घेत नाही. काळ वीस हजार वर्षांपूर्वीचा. जगाचं अफाट पाणी बर्फात अडकून पडलंय, त्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली आहे. पुढे जिथून झांझिबारची गलबतं ये-जा करणार, तिथं आत्ता गवत आहे आणि गवतात झेब्रे चरताहेत. झेब्रे मी रंगवलेले नाहीत. झांझिबारच्या मुख्य बेटावर, उंगुजावर, कूम्बी नावाची गुहा आहे. तिथल्या उत्खननात माणसाच्या वस्तीच्या खुणांबरोबर झेब्र्यांची हाडं मिळाली आहेत. झेब्रे काही समुद्र पोहून तिथं गेले नव्हते. ते चालत गेले, आता तुम्ही जाताय तसेच.

वाटेत एक लांबट, बुटकी टेकडी लागते. खडकाला हात लावा, पण जपून. तो कातरा आहे, भोकाभोकांचा, तळहात सोलवटेल असा. एका फटीत दोन ओंजळींत मावणार नाही एवढा शिंपला रुतून बसलाय. कडा नागमोडी, तोंड आभाळाकडे उघडं आणि सगळाच्या सगळा दगड झालेला. ही टेकडी म्हणजे मेलेलं प्रवाळ आहे. सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून काही मीटर उंच होता, तेव्हा हे सगळं पाण्याखाली जिवंत होतं. मग पाणी उतरलं, प्रवाळ उन्हात उघडं पडलं आणि हा शिंपला होता तिथंच राहिला.

टेकडीवरच थांबा, खाली उतरू नका. पाणी परत येतंय. त्याला येऊन पोचायला हजारो वर्षं लागणार आहेत, पण तुम्हाला ती डोळ्यांदेखत सरताना दिसतील. आधी सखल भागात दलदल, मग खारफुटी, मग एका बाजूनं खाडी आणि शेवटी चहूकडे समुद्र. झेब्रे पलीकडे राहिले. तुमच्या पायाखाली उरला सव्वा किलोमीटरही लांब नसलेला, जेमतेम २२ हेक्टरांचा तुकडा. हेच चुंबे बेट, झांझिबार शहराच्या दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर. पश्चिमेच्या उतारावर नवं प्रवाळ धरायला लागलं आहे.

आता इथं राहून बघा. पहिल्याच दिवशी कळेल की प्यायला पाणी नाही. झरा नाही, विहीर नाही. पाऊस भरपूर पडतो, पण त्या भोकाळ खडकातून तो सरळ खाली निघून जातो. माती म्हणाल तर खडकाच्या खळग्यांत पाला कुजून साठलेली मूठ-दोन मूठ. त्यात झाडांनी मुळं घातली आणि दाट जंगल उभं केलं. मधे एखादी गोरखचिंचही दिसेल. कोकणातल्या बंदरांजवळ आणि किल्ल्यांवर दिसतो तोच हा बुंधाळ वृक्ष, आणि त्याचं मूळ घर हा खंड आहे. पण माणसाला इथं टिकता येत नाही. कोळी येतात, भरतीची वाट बघत रात्र काढतात, मासे भाजून खातात आणि निघून जातात. शेकडो वर्षं हेच चाललं. जे बेट कुणाच्या उपयोगाचं नाही, ते कुणी बिघडवतही नाही.

साल १९०४. तुम्ही आगबोटीच्या डेकवर उभे आहात. दार-एस-सलामहून झांझिबारकडे चालला आहात. मागे सुटलेलं बंदर जर्मनांचं. पुढच्या बंदरावर निशाण सुलतान अली बिन हमूदचं, हुकूम मात्र इंग्रजांचा. डेकवर कच्छी व्यापारी आहेत. गोव्याचा एक कारकून आहे, कपाळावर रुमाल बांधून उलटी आवरत बसलेला. त्याच्या खिशात रुपयेच आहेत, कारण झांझिबारच्या बाजारात तेव्हा आपलाच रुपया चालतो. तेवढ्यात अंधारात एक दिवा उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. चुंबेवर यंदाच इंग्रजांनी दीपगृह बांधलंय. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजांना आता ही प्रवाळाची रांग रात्रीही चुकवता येईल.

बोट पुढे जाऊ दे. तुम्ही बेटावर उतरा, कारण तिथं पहिल्यांदाच कुणीतरी राहायला आलंय. दीपगृहाच्या पायथ्याशी राखणदाराचं दगडी घर आहे, आणि थोड्याच वर्षांत शेजारी एक लहानशी मशीद उभी राहील, भारतीय धाटणीची. एवढ्याशा बेटावर, दोन-चार माणसांसाठी. राखणदाराचा सगळा दिवस पाण्याच्या चिंतेत जातो. पाणी येणार ते आभाळातून, नाहीतर होडीतून. दुसरी चिंता दिव्याची. पुढे १९२६ साली तिथं वायूचा दिवा बसेल आणि तिचा भार थोडा हलका होईल. बाकी बेटाशी त्याचं काही देणंघेणं नाही. तो झाडं तोडून शेत करत नाही, कारण शेत होत नाही. मासे मारतो ते ताटापुरते.

माणसाबरोबर दोन पाहुणे मात्र आले. एक उंदीर. तो होड्यांतून उतरला आणि इथलाच झाला. दुसरा आपल्याकडचा कावळा. १८९०च्या दशकात इंग्रजांनी झांझिबार शहरातला कचरा साफ करायला म्हणून हिंदुस्थानातून कावळे आणवले. कचरा राहिला कचऱ्याच्या जागी आणि कावळे किनारभर पसरले. तिथल्या पाखरांची अंडी-पिल्लं ते आजही खाताहेत. इथल्या कोळ्याला विचाराल तर तो आजही त्याला हिंदी कावळा म्हणतो. आपल्या किनाऱ्यावरून इतकं काही गेलं, कापड गेलं, मसाले गेले, शिंपी आणि कारकून गेले. हे एक गेलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. जानेवारी १९६४मध्ये झांझिबारात क्रांती झाली, सुलतान गेला, एप्रिलमध्ये टांगानिकाशी जोडणी होऊन टांझानिया झाला. चुंबेवर रात्री दिवा लागत राहिला.

१९८०च्या दशकात थोडं थांबा, कारण इथं नीट पाहण्याजोगं काही आहे. टांझानियाच्या किनाऱ्यावर सुरुंग लावून मासेमारी चाललीय. बाटलीत दारू भरायची, वात पेटवायची, थव्यावर टाकायची. एक स्फोट, पांढरा फवारा, आणि मासे पोट वर करून तरंगायला लागतात. बरेच मात्र तळाला जातात आणि वायाच जातात. खाली प्रवाळाचा चुरा होतो. जे वाढायला शंभर वर्षं लागली ते एका क्षणात गेलं, आणि त्या चुऱ्यावर पुन्हा काही रुजत नाही कारण तो प्रत्येक लाटेबरोबर हलत राहतो. हे बघवत नाही म्हणून तुम्ही चुंबेच्या पश्चिमेला येता, पाण्यात डोकं घालता, आणि इथं सगळं शाबूत आहे.

का? कुणाच्या पुण्याईनं नव्हे. बेटाला लागूनच जहाजांचा मार्ग आहे, तिथं छोट्या होड्यांनी आडवं यायचं नाही. समोरच्या किनाऱ्यावरून लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, त्यामुळे या बाजूला कुणी फिरकत नाही. शिवाय इतक्या दूर यायला बहुतेक कोळ्यांकडे तशी होडी नाही. तोफांच्या भीतीनं मासे वाचलेत. पण नशिबानं वाचलेली गोष्ट नशीब फिरलं की जाते. एक दिवस सराव बंद होईल, होड्यांना इंजिनं बसतील, आणि मग चुंबेला वाचवायला काहीच नसेल.

१९९१. जिबिले रीडमिलर नावाची एक जर्मन बाई या किनाऱ्यावर बेटामागून बेट बघत हिंडतेय. परदेशी मदतीच्या प्रकल्पांत तिनं वर्षं काढली आहेत आणि पैसा संपला की ते प्रकल्प कसे गुंडाळले जातात हे जवळून पाहिलंय. तिची कल्पना साधी आहे. बेट राखायचं, राखण्याचा खर्च मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांकडून काढायचा, आणि नफ्याच्या मागे लागायचं नाही. चुंबेच्या पाण्यात ती उतरते आणि शोध तिथंच थांबतो.

पुढची तीन वर्षं तुम्ही तिच्याबरोबर सरकारी बाकांवर बसा. झांझिबारच्या कायद्यात खासगी संस्थेनं चालवायचं अभयारण्य ही गोष्टच नाही. जमिनीचं एक खातं, मासेमारीचं दुसरं, जंगलाचं तिसरं. भाडेपट्टा एकाकडून, परवाना दुसऱ्याकडून, आणि सही करणारा साहेब आज आलेला नाही. आपल्याकडे ज्यानं कधी तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत एक फाइल पाठवलीय त्याला हे समजावून सांगायला नको. अखेर १९९४ साली पश्चिमेची प्रवाळरांग अभयारण्य म्हणून जाहीर झाली. टांझानियातलं प्रत्यक्षात राखलं गेलेलं हे पहिलं सागरी उद्यान, आणि ते सरकारनं नव्हे तर एका छोट्या कंपनीनं सांभाळायचं. पाठोपाठ जंगलही राखीव झालं.

पण कागदानं मासा वाचत नाही. राखण करणारी माणसं लागतात, आणि मला विचाराल तर चुंबेवरचा खरा शहाणपणाचा निर्णय इथं झाला. राखणीला आणले ते आजूबाजूच्या गावांतले कोळीच.

त्यांच्यातल्या एकाबरोबर पहाटे किनाऱ्यावर उभे राहा. हातात बंदूक नाही. समोरून एक न्गलावा येतेय, झाडाचं खोड कोरून केलेली, दोन्ही बाजूंना लाकडाची जोड दिलेली, शीड लावलेली. कोकणातल्या उलांडीच्या होडीची सख्खी बहीण. होडीतला तरुण आणि हा राखणदार एकाच किनाऱ्यावर वाढलेले. राखणदार त्याला दमात घेत नाही. आधी घरचं विचारतो, बापाची तब्येत विचारतो. ही विचारपूस चांगली लांबते, कारण इथं थेट मुद्द्यावर येणं असभ्य. मग सांगतो, आत जाळं टाकू नकोस. हे माशांचं बाळंतघर आहे. इथं वाढलेले बाहेर येतात, ते तू धर, तुझेच आहेत. तरुण कुरकुरतो. बाहेर काही मिळत नाही, म्हणतो. राखणदार वाद घालत नाही. होडी कोणती, कुठून आली, काय साधन होतं, हे वहीत लिहून ठेवतो. उद्याही हेच, परवाही हेच. काही वर्षांनी होड्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पण हद्दीला अगदी चिकटून उभ्या राहायला लागतात, कारण मासा तिथं भरपूर लागतो. राखणदाराचं म्हणणं कोळ्यांना पटलं ते असं, जाळ्यातून.

१९९७मध्ये उंदीर गेले. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमिष मांडून एकूण एक उंदीर संपवला. हे काम ऐकायला किरकोळ वाटतं, पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांच्या दृष्टीनं याहून मोठी गोष्ट नाही. दक्षिण टोकाजवळच्या खडकांवर १९९४ साली गुलाबी सुरयांची शेकडो जोडपी घरटी करून राहिली होती. याच सुमाराला एडर्स डायकर नावाचं चिमुकलं हरीणही बेटावर आणून सोडलं. ते उभं राहिलं तरी तुमच्या गुडघ्याच्या जरा खालीच राहील. उंगुजाच्या जंगलांत शिकार आणि तोडीमुळे ते संपत आलं होतं. इथं त्याच्यामागे कुत्रा लागत नाही.

आणि १९९८. पाहुण्यांसाठी बेट उघडलं. आता म्बवेनीच्या किनाऱ्यावरून होडीत बसा, तासाभराच्या आत पोचाल. सामान दीपगृहाच्या राखणदाराच्या जुन्या घराशी ठेवा. ते पडकं घर आता जेवणाची आणि माहितीची जागा झालंय. पुढे जंगलाच्या कडेनं तुमची झोपडी. झोपड्या सात आहेत.

आत जा आणि छताकडे बघा. झावळ्यांचं प्रचंड, उतरतं छप्पर आहे आणि ते केवळ सावलीसाठी नाही. पाऊस त्यावरून वाहत गाळणीतून जातो आणि तुमच्या पायाखालच्या टाकीत साठतो. अंघोळीचं पाणी तेच, उन्हानं तापवलेलं. वापरलेलं पाणी झाडं लावलेल्या वाफ्यात मुरतं, समुद्रात जात नाही. संडासात पाणी ओतायचं नाही, पालापाचोळा टाकायचा, खाली त्याचं खत होतं. समुद्रात थोडीशी घाण मिसळली तरी शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतं, म्हणून एवढा खटाटोप. दिव्यांची वीज उन्हातून. पंखा नाही. समोरची भिंत दोरीनं खाली उतरवता येते, ती उतरवली की खोली आणि समुद्र यांच्यात काहीच उरत नाही. माळ्यावर मच्छरदाणीत गादी. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या बेटावर राहणं पाण्यावाचून अडलं होतं, तिथं तुम्ही आज अंघोळ करताय, आणि तीही बेटाकडून थेंबही न घेता. इतकं नीट विचार करून बांधलेलं घर मी दुसरं पाहिलं नाही.

जेवायला जा. ताटात नारळाच्या रसातला मासा, पिलाव, चपाती, भजी. शेकडो वर्षं अरबी समुद्र ओलांडून माणसं आली-गेली, त्यांनी इथल्या चुलीवर काय ठेवलं ते जिभेला कळतं. ज्या नैऋत्य वाऱ्यावर आपल्याकडे मृगाचा पाऊस येतो, तोच वारा इथं कुसी म्हणून वाहतो आणि त्याच्याच जोरावर झांझिबारहून निघालेली गलबतं मुंबई-मांडवीला पोचत.

अंधार पडला. वाटेवर दिवे नाहीत, मुद्दाम ठेवलेले नाहीत. हातातल्या छोट्या दिव्याचा झोत खाली धरा आणि हळू चाला, कारण आता बेटाचे खरे रहिवासी बाहेर पडताहेत. गोरखचिंचेच्या बुंध्यावर तुमच्या छातीच्या उंचीला काहीतरी हलतं. नारळ-खेकडा. जमिनीवर राहणारा संधिपाद जीव जगात याहून मोठा नाही. चार किलोपर्यंत वजन, पाय पसरले तर मीटरभर. निळसर-जांभळी पाठ, त्यावर बारीक पांढरे ठिपके, आणि डावी नांगी उजवीपेक्षा मोठी. तो थांबतो. मिशा खालीवर करत तुमचा वास घेतो. अगदी जवळ वाका. नांगीच्या कडेला झिजल्याच्या खुणा दिसतील. हा चाळीस वर्षांचाही असू शकेल, पन्नासचाही, कारण यांचं आयुष्य माणसाच्या मानानं मोजावं एवढं लांब. समुद्रात जन्मतो, लहानपणी दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन किनाऱ्यावर येतो, आणि एकदा जमिनीवरचा झाला की पाण्यात टाकला तर बुडून मरतो. मांस चविष्ट म्हणून पुष्कळ किनाऱ्यांवरून माणसानं त्याला खाऊन संपवलं. चुंबेवर तो पावलोपावली आहे. तुम्ही वाटेतून बाजूला व्हा. तो होणार नाही.

सकाळी भरतीला पाण्यात उतरा. पाय खाली टेकवायचे नाहीत, हात लावायचा नाही. खाली दोनशेच्या आसपास जातींचं प्रवाळ आहे. पूर्व आफ्रिकेत नोंदल्या गेलेल्या टणक प्रवाळांपैकी दहांतल्या नऊ जाती या एवढ्याशा पट्ट्यात. माशांच्या जाती चारशेच्या वर. पोपटमासा चोचीनं खडक खरवडतोय, तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. तो खरवडतो आणि वाळू करून टाकतो, तुम्ही काल ज्या पांढऱ्या वाळूवर बसलात तिच्यात त्याचा मोठा वाटा आहे. आणि एका मोठ्या प्रवाळाआड राक्षसी शिंपला. नागमोडी कडा, आत निळी-हिरवी मखमल. तुमची सावली पडताच तो मिटायला लागतो.

हे सगळं कायमचं सुरक्षित झालं असं समजू नका. पाहुण्यांसाठी बेट उघडलं त्याच १९९८ साली हिंदी महासागर तापला आणि लक्षद्वीपपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत प्रवाळ पांढरं पडलं. त्यानंतरही समुद्र तापतोच आहे. सात झोपड्या आणि मूठभर राखणदार पाण्याचं तापमान कमी करू शकत नाहीत. ते एवढंच करू शकतात की सुरुंग, जाळं, नांगर आणि घाण यांचा मार प्रवाळावर पडू नये, म्हणजे तापलेल्या वर्षानंतर पुन्हा उभं राहायला त्याच्यात बळ उरेल.

दुपारी एक होडी येते आणि बेट गलक्यानं भरून जातं. झांझिबारच्या शाळेतल्या मुली, डोक्याला रुमाल, अंगात तरंगायची जाकिटं. बेटावर राहून ज्यांनी आयुष्यात पाण्यात डोकं घातलं नाही अशा. कोळ्यांच्या घरच्या मुलींनाही पोहायला कुणी शिकवलेलं नसतं. एकीनं काच लावून पाण्यात तोंड घातलं, लगेच वर काढलं, मैत्रिणीचा दंड धरून काहीतरी ओरडली आणि पुन्हा खाली गेली. या मुलींकडून पैसे घेत नाहीत. त्यांचा खर्च तुमच्या खोलीभाड्यातून निघतो, राखणदारांचा पगारही त्यातूनच.

म्हणून इथला मुक्काम महाग आहे, आणि तो महाग असावा असंच माझं मत आहे. स्वस्त करायचा तर झोपड्या वाढवाव्या लागतील, झोपड्या वाढवल्या की छपरावरचं पाणी पुरणार नाही, मग बाहेरून पाणी, मग यंत्रं, मग गटार. आपल्या किनाऱ्यावर हा क्रम आपण पुरेसा पाहिलाय. चुंबेच्या माणसांनी आकडा आधी ठरवला आणि तो आजवर पाळला.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत लांब पावसात जाऊ नका, तेव्हा बेट पाहुण्यांना बंद असतं. बाकी वर्षात तारखा बऱ्याच आधी मागून ठेवा. जागा मिळाली नाही तर पुढच्या वर्षीची मागा. आठवी झोपडी का बांधत नाही, असं मात्र त्यांना विचारू नका.